सिनेमात नसलेला प्रसंग

६ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार, खुशाली, मोठ्यांना आणि छोट्यांना जे काय म्हणायचं असतं ते सगळं म्हटलं असं समज आणि पुढे वाच. पोचले एकदाची! विमान पडलं नाही. आईला हे आधी सांग, ती देव पाण्यात घालून बसली असेल.

खिडकीची जागा मिळाली होती. ढगांच्या वर गेल्यावर मी बावळटासारखी एकटीच हसत बसले. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "पहिल्यांदाच का?" मी म्हटलं, "छे, नेहमीचंच." मग जेवणाच्या डब्याचं झाकण उघडेना, ते त्यांनीच उघडून दिलं. गेली अब्रू.

इथे सगळ्यात आधी जाणवते ती शांतता. रस्त्यावर गाड्यांची रांग, पण हॉर्न म्हणून नाही. समोर चिटपाखरू नसताना माणसं लाल दिव्यापाशी उभी राहतात. दारं आपोआप उघडतात आणि आपल्याला उगीच आपण कुणीतरी मोठे आहोत असं वाटतं. राहायचं कारखान्याच्या आवारातच. पलंगावरची चादर इतकी ताणून खोचलेली, की आत शिरायला खरोखरच मुंगी व्हावं लागतं.

खिडकीतून माझी टाकी दिसते. गोल, पांढरी, तीन मजली घराएवढी. शेजारच्या शीतगृहासाठी तिच्यात अमोनिया भरणार आहेत. त्याआधी वेल्डिंगचा एकेक जोड तपासून "टाकी चांगली आहे" अशा दोन सह्या लागतात, एक माझी आणि एक आमच्या घोरकाकांची. (काका माझ्या शेजारच्या खोलीत आहेत. नाव सार्थ आहे.) आईला माझं काम अजून कळत नसेल तर सांग, पोटाची सोनोग्राफी करतात तशी मी लोखंडाची करते. टाकीमागे भिंत आहे आणि भिंतीला लागून कामगारांच्या खोल्या. बायकामुलांसकट राहतात. दोरीवर वाळणारे इवलेसे फ्रॉक बघून जरा बरं वाटलं.

मॅनेजर फार गोड बोलतात. आल्याआल्या खुर्ची दिली, चहा दिला आणि आमचे पासपोर्ट ठेवून घेतले. नोंदणीसाठी, दोन दिवसांत परत म्हणे. फोन फक्त त्यांच्याच टेबलावर आहे, तिथून काय बोलणार कपाळ! तेव्हा पत्रच लिही. माझ्या ऑफिसात नेऊन दे, आठवड्याच्या पिशवीतून येतं. इथे टपाल बघणारे एक कारकून आहेत. गळ्याला कायम मफलर, मान वर करतील तर शपथ.

आणि हो, नवा सिनेमा लागला असेल ना? सांग मला.

तुझी मुंगी


१५ फेब्रुवारी

प्रिय मुंगाबाई,

तुझं पत्र आईनं देवापुढे ठेवलं, वहिनीनं दोनदा वाचलं, आणि मी केबिनमध्ये नेऊन वाचता वाचता रीळ बदलायचं विसरलो. पडदा पांढराफटक, खाली शिट्ट्या, आणि मालकांनी माझ्या नावानं ठणाणा केला. सिनेमाचा ऑपरेटर म्हणून इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असं झालं, ते तुझ्यामुळे.

मला विमान, परदेश, लिफ्ट आणि डॉक्टर या सगळ्यांची भीती वाटते हे जगजाहीर आहे. म्हणून वहिनी म्हणते, यांचं मनावर घेऊ नका. तरी विचारतो. पासपोर्ट मिळाला का? असा कसा देऊन टाकलास? शाळेत तू स्वतःचं पेन कुणाला हात लावू द्यायची नाहीस, आणि आता एक कप चहावर पासपोर्ट? परत माग. आजच माग.

आता सिनेमा. लागलाय, आणि काय लागलाय! हिंदीत असा सिनेमा किती दिवसांनी आला. एक स्वयंपाकी परदेशात कामाला जातो. घरी बायको आणि अगदी लहान मुलगी. तिकडे त्याला रजा मिळत नाही. इकडे मुलगी मोठी होत जाते. बाबा म्हणजे तिला फोटोतला माणूस. शेवटी हा परत येतो. केस पिकलेले, गाल बसलेले. दार मुलगीच उघडते आणि आत ओरडते, "आई, कोणीतरी काका आलेत." मुंगे, हा दारातच थांबतो. मग काय म्हणतो ठाऊक आहे? म्हणतो, "हो बेटा, मी काकाच. तुझ्या बाबांनी खाऊ पाठवलाय. ते उद्या येतील." खाऊ देतो आणि निघून जातो. रात्रभर स्टेशनवर बसतो, सकाळी दाढी करतो, फोटोतल्यासारखा भांग पाडतो आणि पुन्हा तेच दार वाजवतो. ती दार उघडून बघत राहते. बस्स, पडदा पडतो.

मी हा प्रसंग रोज तीन खेळांना बघतो आणि तिन्ही वेळा माझं नाक गळतं. पब्लिक बाहेर पडताना एकमेकांकडे बघत नाही.

सांभाळून राहा. पासपोर्टचं लिही.

दादा


२४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

पत्र मिळालं. मी मजेत आहे. हवा छान आहे, जेवण छान आहे, माणसं फार चांगली आहेत. मॅनेजर रोज जातीनं चौकशी करतात. घोरकाकांची तब्येत बिघडली म्हणून त्यांना घरी पाठवलं म्हणे. एका सकाळी बघते तो शेजारची खोली रिकामी, गादीसुद्धा गुंडाळलेली. जाताना मला सांगायला वेळ मिळाला नसेल. तू एकदा त्यांना भेटून ये.

तुझं पत्र देताना मफलरवाल्या कारकुनांचे डोळे लाल दिसले. इथे सर्दीची साथ आहे वाटतं.

सिनेमा फार आवडला. त्यातला सगळ्यात चांगला प्रसंग मला वाटतो तो हंडीचा. तोच रे, मोठी मेजवानी असते आणि मालक स्वयंपाक्याला म्हणतो, हंडी एकदम चांगली आहे असं सगळ्यांसमोर सांग. याला तर बुडाशी तडा दिसलेला असतो, चांगला हातभर लांब. हा म्हणतो, "मालक, चुलीवर चढवली की फुटेल. पलीकडेच मुलं बसली आहेत." मालक हसतो, आणि म्हणतो, "तुझे कागद माझ्या कपाटात आहेत. हंडी चांगली आहे म्हण आणि घेऊन जा." बरोबरचा म्हातारा स्वयंपाकी मुकाट्यानं हो म्हणून निघून जातो. मग हा एकटाच उरतो.

पुढे त्याचं काय होतं, ते मला नीट आठवत नाही. तू सांग. लवकर सांग.

तुझी मुंगी


४ मार्च

प्रिय मुंगाबाई,

अगं, डोकं ठिकाणावर आहे ना? कुठली हंडी? असा प्रसंग या सिनेमात नाहीच! मी स्वतः रीळ लावतो, मला ठाऊक नसणार? त्यात ना मेजवानी आहे, ना तडा, ना म्हातारा स्वयंपाकी. तू बहुतेक दुसऱ्याच कुठल्यातरी सिनेमाशी गल्लत केलीस. की तिकडे थंडीनं मेंदू गोठला? लहानपणी मी सिनेमाची गोष्ट सांगताना तू मला एक शब्द बदलू द्यायची नाहीस आणि आता अख्खा प्रसंग पदरचा घालतेस!

आणि सगळं छान छान काय लिहिलंस? तू आणि जेवण छान म्हणणार? आईच्या हातचं खाऊनसुद्धा तू कधी एवढं कौतुक केलं नाहीस.

पासपोर्टचं काहीच लिहिलं नाहीस. विसरभोळेपणा पुरे.

पत्र आत्ताच तुझ्या ऑफिसात टाकून येतो, म्हणजे या आठवड्याच्या पिशवीत जाईल.

दादा


५ मार्च

प्रिय मुंगी,

कालचं पत्र फाडून टाक. काल मीच झोपेत होतो. हंडीचा प्रसंग आहे, अगदी आहे! मीच विसरलो. माझ्यासारखा गाढव जगात नाही.

काल पत्र टाकून आलो आणि वहिनीला हसत हसत सांगितलं, की मुंगीला भलताच सिनेमा आठवतोय. तिनं तुझं पाकीट घेतलं, उजेडात धरलं आणि मला दाखवलं. एकदा चिकटवलेलं, उघडलेलं आणि पुन्हा चिकटवलेलं. मग म्हणाली, "तुमची बहीण सिनेमा विसरणारी आहे का?" मुंगे, मी तसाच उठलो. धावत तुझ्या ऑफिसात गेलो, म्हटलं, माझं कालचं पत्र परत द्या. पिशवीला सील लागलं होतं. शिपाई म्हणाला, साहेबांच्या परवानगीशिवाय उघडता येत नाही, आणि साहेब बाहेरगावी. शेवटी त्याच्या हातापाया पडून हे दुसरं पत्र पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात सरकवतोय.

म्हणजे सिनेमाविषयी सांगतोय मी. सिनेमाच.

त्या म्हाताऱ्या स्वयंपाक्याला मी भेटलो. तब्येत ठणठणीत आहे. त्यानं मला दारातूनच सांगितलं, "मी हो म्हटलं आणि आलो. तिलाही म्हणावं, हो म्हण आणि ये. तिथं थांबू नको म्हणावं." त्याची बायको मागे उभी राहून रडत होती.

तुला पुढे काय होतं ते हवंय ना? ऐक. स्वयंपाकी म्हणतो, हंडी चांगली आहे. कागद घेतो, घरी येतो, आई त्याची दृष्ट काढते आणि सगळे सुखानं राहतात. हंडीचं पुढे काय झालं ते सिनेमात दाखवलेलं नाही. दाखवायची गरज नाही. असाच शेवट आहे. कृपा करून असाच शेवट आहे असं समज.

मला फार भीती वाटतेय गं.

दादा


१४ मार्च

दादा,

तुझी दोन्ही पत्रं एकदमच हातात पडली. एकात प्रसंग नाही, दुसऱ्यात आहे, आणि वर "फाडून टाक"! धन्य आहे तुझी. वाचताना मला हसू आलं, पण क्षणभरच. मला वाटलं, आता बोलावणं येणार. दाराबाहेर कुणाची पावलं वाजली की मी पलंगावर ताठ उठून बसायची. एक दिवस गेला, दुसरा गेला. कुणीही आलं नाही. मॅनेजर नेहमीसारखे गोड हसले आणि "सही कधी?" एवढंच म्हणाले.

मग मी विचार केला. पत्र उघडलेलं होतं. वाचणाऱ्याला सगळं कळलंही असणार. तरी त्यानं सांगितलं नाही. आणि मला मफलरवाल्या कारकुनांचे ते लाल डोळे आठवले. दादा, ती सर्दी नव्हती. तू लिहिलेला तो "काका आलेत"चा प्रसंग वाचून ते रडले होते.

म्हणून आता सिनेमा पुरे. खरं लिहिते. टाकीच्या खालच्या जोडात तडा आहे. मी तीनदा तपासला. बाहेरून रंग देऊन टाकलाय, त्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. मी दुरुस्ती करा म्हटलं, तर म्हणतात उद्घाटन ठरलंय. पासपोर्ट कपाटात आहे आणि सही झाल्याशिवाय मिळणार नाही. तू म्हणतोस तसा शेवट मला करता येत नाही रे. मी खूप प्रयत्न केला. काल पेन हातात घेऊन बसलेसुद्धा होते. पण खिडकीतून ते फ्रॉक दिसतात. मी हो म्हणून घरी आले, तर तुझ्यासमोर जेवायला कशी बसू? मलाही भीती वाटते. तुझ्याहून जास्त वाटते, फक्त मी सांगत नाही.

आता पुढचं तुझ्यासाठी नाही, पाकीट उघडणाऱ्यासाठी आहे.

भाऊ, तुम्हाला मराठी येतं हे मला कळलंय. मॅनेजरांना तुम्ही काय सांगता हे मला माहीत नाही. पण तुम्हीही त्या भिंतीलगतच्या खोल्यांतच राहता, आणि तुमच्या दोघी मुली रोज दुपारी त्या भिंतीला पाठ लावून खडे खेळतात. धाकटीला दात पडल्यामुळे स बोलता येत नाही. ती मला बघून हात हलवते. टाकी भरली आणि तडा फाटला, तर अमोनिया आधी त्या भिंतीवरून खाली येईल. पळायला वेळ मिळत नाही, श्वासच कोंडतो. मी माझं काम सोडून दुसऱ्या कशातली तज्ज्ञ नाही, पण एवढं मला नक्की माहीत आहे. हे पत्र तुम्ही मॅनेजरांच्या टेबलावर ठेवू शकता. ठेवलंत तर माझं काय होईल ते होवो. पण आधी एकदा मुलींकडे बघा आणि मग ठरवा.

दादा, आईला यातलं काही सांगू नकोस.

मुंगी


२३ मार्च

श्री. दादा यांस,

आपली ओळख नाही, तरी तुमच्या घरातलं पुष्कळ मला माहीत आहे, कारण तुमची सगळी पत्रं मी वाचली आहेत. ते माझं काम आहे. मराठी पत्रं वाचून साहेबांना सार सांगायचं. माफ करा असं लिहायला हात धजत नाही.

हे पत्र ताईंच्या हातानंच पाठवतो आहे. हे तरी कुणी उघडलेलं नसेल. आज गावातून विमानतळावर गाडी जाणार आहे, तिच्यात मी त्यांची जागा केली आहे. साहेबांच्या ऑफिसातल्या कपाटाची एक किल्ली माझ्याकडे असते, फायलींसाठी. पासपोर्ट मी काढून दिला. ताईंनी सही केलेली नाही. तपासणीच्या यंत्रावर दिसलेल्या तड्याचे फोटो त्यांच्याजवळ आहेत.

तुमचं चार तारखेचं पत्र वाचलं तेव्हा साहेब समोरच होते. साहेबांनी विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, काही नाही साहेब, भाऊ सिनेमावेडा आहे, बहिणीशी भांडतोय. ते हसले. पण ताईंचं शेवटचं पत्र वाचल्यावर माझी झोप उडाली. घरी गेलो तर धाकटी त्याच भिंतीपाशी बसली होती. मी तिला ओढत आत आणलं, ती रडायला लागली, आणि बायको म्हणाली, आज झालंय काय तुम्हाला? तिला मी काही सांगितलेलं नाही. सांगून तरी काय करणार, आमच्या चौघांचे पासपोर्ट साहेबांच्या घरी असतात. त्या कपाटाची किल्ली मला मिळत नाही.

साहेब दुसरा तपासनीस आणत आहेत. तो टाकीजवळ न जाता सही करेल असं कानावर आलं आहे. मग लगेच भरायला घेतील. पासपोर्ट कुणी काढला हेही आज ना उद्या कळेलच.

तुमच्याकडून जे होईल ते करा. उशीर करू नका.

टपाल बघणारा


२५ मार्च

प्रिय मुंगी,

पाकिटावर तुझं नाव आहे, पण तू इथे माझ्यासमोर बसली आहेस. पत्र तुला नाहीच. तुझ्या नावाचं पाकीट मफलरवाले भाऊच उघडतात, म्हणून ही युक्ती.

भाऊ, मुंगी पोचली. आईनं तिला मिठी मारली, पण ही घरात शिरायच्या आधी मला घेऊन तिच्या मोठ्या साहेबांकडे गेली. फोटो टेबलावर मांडले. साहेब आधी म्हणत होते, एक सही तर झालीये. मग माझ्या बायकोनं त्या म्हाताऱ्या काकांना रिक्षात घालून तिथे आणलं. ते सगळ्यांसमोर म्हणाले, माझी सही खोटी आहे, मी घाबरून केली. साहेबांनी लगेच तुमच्या मॅनेजरांना फोन लावला. तिकडून उत्तर आलं, तपासणी पूर्ण झाली, आता तुमचा संबंध नाही. मग साहेबांनी तिथल्या सरकारी सुरक्षा खात्याला तार केली, फोन केला. ते म्हणतात, बघतो. कधी बघतो, ते म्हणत नाहीत. आम्ही सारखं विचारतो आहोत. मुंगी ऑफिसातून उठायला तयार नाही.

तुम्ही त्यांच्यावर अवलंबून राहू नका. पासपोर्ट राहू द्या कपाटात. बायको आणि मुलींना घेऊन त्या आवारातून बाहेर पडा. मुंगी सांगते, आवाज झाला किंवा डोळे झोंबले तर वारा ज्या बाजूनं येत असेल त्या बाजूला तोंड करून चालत सुटा, ओलं फडकं नाकातोंडावर धरा, सामानासाठी मागे वळू नका. शेजाऱ्यांनाही सांगा. कुणी हसलं तर हसू द्या, मी आयुष्यभर भित्रा म्हणून हसं करून घेतलंय, काही बिघडत नाही.

पिशवी पोचायला आठवडा लागतो हे मला ठाऊक आहे. तरी लिहितोय, कारण तुमच्यापर्यंत पोचायची दुसरी वाट मला माहीत नाही. काल मी केबिनमध्ये बसलो होतो, पडद्यावर ती मुलगी दार उघडत होती, आणि मला तुमचीच पोर दिसायला लागली. मी मशीन मध्येच बंद केलं आणि उठून इथे मुंगीच्या ऑफिसात आलो.

आणि हे पाकीट जर दुसऱ्याच कुणी उघडलं असेल, तर तुम्ही कोण ते मला माहीत नाही. मफलरवाले भाऊ कुठे आहेत हे तुम्ही मला सांगणार नाही, हेही मला कळतं. पण तुमची खोलीसुद्धा त्याच भिंतीपलीकडे असेल. टाकीला तडा आहे. हे हातातलं पत्र खाली ठेवा, मुलांना उचला आणि निघा.

दादा